समोरच्याच्या ब्राउझरमध्ये कुठलं प्लगिन आणि कितवं व्हर्जन, हे साइटला कळतं कसं?

"आपल्या साइटवर येणाऱ्यांपैकी किती जणांकडे फ्लॅश आहे आणि कितवं व्हर्जन आहे?" वेबसाइट बनवणाऱ्यांमध्ये हा प्रश्न कितीतरी वर्षं रोजचा होता. फ्लॅश म्हणजे पानात हलती चित्रं, व्हिडिओ दाखवणारं एक प्लगिन, ब्राउझरला जोडायचा वेगळा प्रोग्रॅम. ऐकायला एकदम सोपा, डोकी मोजण्यासारखा. पण मोजायला बसलं की पहिलीच अडचण ही की ज्याचं मोजायचंय तो कॉम्प्युटर आपल्यासमोर नसतोच, तो कुठेतरी लांब असतो आणि आपल्या सर्व्हरपर्यंत पोचते ती फक्त त्याच्या ब्राउझरने पाठवलेली "मला हे पान दे" अशी मागणी. त्या मागणीत ब्राउझरचं नाव असतं, त्याचं व्हर्जन असतं, विंडोज आहे की मॅक आहे की लिनक्स ते असतं, पण प्लगिनची यादी नसते. म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी कितीही चाळल्या तरी समोरच्याकडे फ्लॅश ९ होतं का १० हे त्यातून कळत नाही.

मग उपाय एकच, पानाबरोबर एक छोटी स्क्रिप्ट पाठवायची, ती तिकडे त्या ब्राउझरमध्ये चालणार, तिथे विचारपूस करणार आणि उत्तर परत आपल्याकडे पाठवणार. सगळी मोजणी या एका जाण्या-येण्याच्या फेरीवर उभी आहे, आणि ही फेरी अर्ध्यात तुटली की काय समजायचं हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, त्याच्याकडे येतोच.

आधी एक गोंधळ दूर करू, कारण आज प्लगिन म्हटलं की बऱ्याच जणांना जाहिराती अडवणारं किंवा पासवर्ड लक्षात ठेवणारं काहीतरी आठवतं. ते एक्स्टेंशन. प्लगिन म्हणजे ब्राउझरच्या बाहेरचा एक वेगळा प्रोग्रॅम, जो पानातल्या एका चौकोनाचा ताबा घेतो आणि ब्राउझरला जे जमत नाही ते त्या चौकोनात करून दाखवतो. फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट, क्विकटाइम, रिअलप्लेअर, अडोबी रीडर, ही सगळी त्यातली. नेटस्केपने ही सोय नव्वदच्या दशकाच्या मध्याला आणली, मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररसाठी अ‍ॅक्टिव्हएक्स नावाचा स्वतःचा वेगळा रस्ता काढला, आणि हे दोन रस्ते शेवटपर्यंत वेगळेच राहिले. मोजणाऱ्यांचे निम्मे हाल यामुळेच झाले.

आता व्हर्जन इतकं बारकाईने का मोजायचं, आहे किंवा नाही एवढं कळलं की पुरे नाही का? नाही पुरत. याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे फ्लॅश ९. ते २००६ मध्ये आलं, भराभर पसरलं, पण एच डॉट २६४ नावाच्या पद्धतीने बनवलेला व्हिडिओ चालवायची ताकद त्यात आली ती ९.०.११५ या व्हर्जनमध्ये, २००७ च्या शेवटी. म्हणजे दोघांकडेही "फ्लॅश ९" आहे, एकाला व्हिडिओ दिसतोय आणि दुसऱ्याच्या चौकोनात काहीच दिसत नाहीये, असं होऊ शकत होतं. ज्याने रिपोर्टमध्ये फक्त पहिला आकडा धरला त्याला "९ तर सगळ्यांकडे आहे" असं वाटणार आणि व्हिडिओ का चालत नाही याच्या तक्रारी मात्र येत राहणार. सुरक्षेचंही तसंच, एखादं भोक बुजवलेलं व्हर्जन आणि त्याच्या आधीचं व्हर्जन यांच्यात फरक बहुतेक वेळा अगदी शेवटच्या आकड्याचा असतो.

तर स्क्रिप्ट विचारते कशी? फायरफॉक्स, सफारी, ऑपेरा, नंतर क्रोम, या सगळ्यांमध्ये नॅव्हिगेटर डॉट प्लगिन्स नावाची एक यादीच मिळायची. यादीतल्या प्रत्येक प्लगिनला नाव, फाइलचं नाव आणि एक वर्णन असायचं, आणि फ्लॅशचं वर्णन असं यायचं: "शॉकवेव्ह फ्लॅश १०.० आर३२". या वाक्यातून आकडे उचलायचे आणि व्हर्जन मिळवायचं. म्हणजे बघा, माणसाने वाचावं म्हणून लिहिलेल्या एका ओळीतून मशीनने अर्थ काढायचा, आणि प्रत्येक प्लगिनने ती ओळ आपापल्या पद्धतीने लिहिलेली, कुणी आकडा आधी, कुणी नंतर, कुणी लिहिलाच नाही.

इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ही यादी बरीच वर्षं रिकामी असायची. तिथे विचारायची पद्धत म्हणजे थेट दार वाजवायचं, "फ्लॅशचा ऑब्जेक्ट बनव" असं सांगून बघायचं, बनला तर आहे, एरर आली तर नाही. बनला की मग त्यालाच व्हर्जन विचारायचं आणि तो "विन १०,०,३२,१८" असं उत्तर द्यायचा. नीट बघितलं तर इथे चार आकडे आहेत आणि वरच्या वर्णनात तीनच. शेवटचा १८ तिकडे गायब. एकच फ्लॅश, पण एका ब्राउझरकडून चार आकडी उत्तर आणि दुसऱ्याकडून तीन आकडी, मग दोन्ही एका तक्त्यात घालायचे तर चौथा आकडा सोडून द्यावा लागतो, नाहीतर दोन वेगळ्या मापांची बेरीज होते. त्यात विंडोजवर एक्सप्लोररचं फ्लॅश आणि फायरफॉक्सचं फ्लॅश ही दोन वेगवेगळी इन्स्टॉलेशन्स असायची, एकाच मशीनवर एकात नवं आणि दुसऱ्यात जुनं असू शकायचं, तेव्हा "या माणसाकडे कुठलं फ्लॅश आहे" हा प्रश्नच थोडा चुकीचा, "या माणसाच्या या ब्राउझरमध्ये कुठलं" असं विचारायला लागतं.

आणि दार वाजवणंही दर वेळी सुरक्षित नव्हतं. फ्लॅश ६ च्या सुरुवातीच्या काही व्हर्जन्सना एक्सप्लोररमध्ये व्हर्जन विचारलं की ब्राउझरच कोसळायचा! म्हणून स्क्रिप्टा लिहिणाऱ्यांनी त्यासाठी खास वळसा ठेवला होता, फ्लॅश ६ दिसलं की जपून पुढे जायचं, आणि प्रश्न विचारणं धोक्याचं असेल तर ठरलेलं उत्तर गृहीत धरायचं. एसडब्ल्यूएफऑब्जेक्ट नावाची लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येईल असा तयार कोड, याच कामासाठी प्रसिद्ध झाली, फ्लॅश पानात बसवायचं आणि त्याआधी व्हर्जन तपासायचं. प्लगिनडिटेक्ट नावाची दुसरी एक होती ती जावा, क्विकटाइम वगैरे बाकीच्यांचाही छडा लावायची. ज्यांनी हे कोड लिहिले त्यांनी प्रत्येक ब्राउझरच्या प्रत्येक खोडीची नोंद ठेवली होती, ते कोड आज वाचले तरी त्या काळाचा इतिहास वाचल्यासारखं वाटतं.

सिल्व्हरलाइटची गंमत वेगळी होती. एक्सप्लोररमध्ये त्याला "तुझं व्हर्जन काय" असं विचारायची सरळ सोयच नव्हती, "तुला २.० चालतं का" असं विचारायचं आणि तो हो किंवा नाही म्हणायचा. मग नेमका आकडा हवा असेल तर ३ चालतं का, ४ चालतं का असं करत करत जवळ सरकायचं. सुरुवातीला हे त्रासाचं वाटतं, पण मला हीच पद्धत जास्त शहाणी वाटते, कारण साइटवाल्याला खरं तर हेच जाणून घ्यायचं असतं, माझं काम चालेल का. जावाचं अजून निराळं, ब्राउझरला "जावा चालू आहे का" विचारलं तर तो सेटिंगमध्ये टिक आहे का एवढंच सांगायचा, जावा मशीनवर आहे का नाही याची खात्री त्यातून व्हायची नाही. खात्री करायची तर जावाचा एक तुकडा खरोखर चालवून बघायचा, आणि जावा सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचं की ब्राउझर काही सेकंद गोठल्यासारखा व्हायचा. आपण फक्त मोजतोय आणि समोरच्याला मात्र साइट हळू वाटतेय! त्यामुळे मला वाटतं मोजणीचा त्रास पाहुण्याला किती होतो हे आधी बघितलं पाहिजे, आकडा नंतर.

बरं, उत्तर मिळालं, आता आकडे वाचायचे. इथे एक सापळा आहे ज्यात लोक पुन्हा पुन्हा पडलेत. फ्लॅश १० आलं २००८ च्या ऑक्टोबरमध्ये, आणि तोपर्यंत कितीतरी साइटवरच्या स्क्रिप्टा व्हर्जनचं फक्त पहिलं अक्षर वाचत होत्या, कारण ९ पर्यंत ते पुरत होतं. १० चं पहिलं अक्षर १. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात ताजं फ्लॅश आहे त्यालाच "तुमचं फ्लॅश फार जुनं आहे, अपडेट करा" असा बोर्ड दिसणार. दुसरी चूक अशी की आकडे न समजता अक्षरं समजून तुलना करायची, शब्दकोशातल्यासारखी, मग "१०" हे "९" च्या आधी येतं. तिसरी म्हणजे एक्सप्लोररमध्ये ठरावीक नंबरपासून खाली दार वाजवत यायचं, ७ आहे का, ६ आहे का, आणि नवं फ्लॅश जुन्या नंबरच्या हाकेलाही ओ देत असल्यामुळे ९ वाल्याचीही नोंद ७ म्हणूनच व्हायची.

ही चूक प्लगिनपुरती नाहीये. ऑपेरा १० येणार होता तेव्हा त्यांनी बघितलं की बऱ्याच साइट्स त्याला ऑपेरा १ समजतायत, म्हणून त्यांनी स्वतःची ओळख ९.८० अशीच ठेवली आणि खरं व्हर्जन मागे वेगळं जोडलं. पुढे २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स तीन आकड्यांवर, म्हणजे १०० वर गेले तेव्हा हीच धास्ती परत, आणि फायरफॉक्स ११० च्या वेळी तर असं निघालं की त्याच्या ओळखीतला एक भाग "आरव्ही:११०" असा आला की काही साइट्स फक्त पहिले दोन आकडे वाचून त्याला इंटरनेट एक्सप्लोरर ११ समजतात. त्यांनी तो भाग ११९ व्हर्जनपर्यंत १०९ वरच थांबवून ठेवला. इतकी वर्षं गेली तरी तीच चूक.

आता परतीचा प्रवास. स्क्रिप्टने शोधलेलं उत्तर सर्व्हरकडे पाठवायची जुनी युक्ती म्हणजे एक बाय एक पिक्सेलचं चित्र मागायचं आणि त्या चित्राच्या पत्त्यातच शेपटीला सगळी माहिती जोडायची. सर्व्हर ते न दिसणारं चित्र देतो आणि पत्ता लिहून ठेवतो. गूगल अ‍ॅनालिटिक्सही बरीच वर्षं फ्लॅशचं व्हर्जन आणि जावा चालू आहे का हे अशाच पद्धतीने प्रत्येक भेटीबरोबर नोंदवायचं, त्यामुळे वेगळी मेहनत न करताही लाखो साइटवाल्यांना फ्लॅश व्हर्जनचा तक्ता तयार मिळायचा.

आणि तक्ता तयार मिळाला की लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात. इथेच थांबून नीट बघायला पाहिजे.

समजा एका दिवसात १००० भेटी झाल्या. त्यातल्या ६०० भेटींमधून स्क्रिप्टचं उत्तर आलं, आणि त्या ६०० पैकी ५४० म्हणाल्या फ्लॅश आहे, ६० म्हणाल्या नाही. आता फ्लॅश किती जणांकडे आहे? कुणी म्हणेल ९० टक्के, कारण ६०० पैकी ५४०. कुणी म्हणेल ५४ टक्के, कारण १००० पैकी ५४०. दोघांचं गणित बरोबर आणि दोघांचं उत्तर कच्चं, कारण त्या ४०० गप्प भेटींचं काय करायचं हे दोघांनीही न सांगता ठरवून टाकलं. पहिल्याने धरलं की गप्प असलेले बाकीच्यांसारखेच आहेत, दुसऱ्याने धरलं की गप्प म्हणजे नाही. खरं तर गप्प म्हणजे "माहीत नाही", आणि तक्त्यात त्याचा स्वतःचा वेगळा रकाना पाहिजे. आहे, नाही, आणि माहीत नाही. मी आजवर जेवढे असे तक्ते बघितलेत त्यातला सगळ्यात मोठा घोळ हा तिसरा रकाना नसण्याचाच असतो.

गप्प राहणारे कोण असतात तर एक म्हणजे बॉट, माणसाशिवाय आपोआप फिरणारे प्रोग्रॅम, सर्च इंजिनवाले आणि बाकीचे, जे पान उचलतात पण पूर्वी तरी स्क्रिप्ट चालवायचे नाहीत. दुसरे म्हणजे ज्यांनी जावास्क्रिप्ट (आपली स्क्रिप्ट जिच्यात लिहिलेली असते ती भाषा, जावा प्लगिन नव्हे) बंद ठेवलीय किंवा मोजणी अडवणारं एक्स्टेंशन टाकलंय. तिसरे ज्यांचं नेट हळू आहे, पान पूर्ण उतरायच्या आधीच कंटाळून निघून गेले. चौथे ज्यांच्या ब्राउझरमध्ये आपल्याच स्क्रिप्टला एरर आली. यातला एकही गट सरसकट बाकीच्यांसारखा नसतो. बॉटला फ्लॅशची गरजच नाही, तो हिशोबातूनच काढायला हवा, पण जुना कॉम्प्युटर आणि हळू नेटवाला माणूस हिशोबात हवाच, उलट जुनं व्हर्जन असण्याची शक्यता त्याच्याकडेच जास्त. म्हणजे गप्प राहणाऱ्यांना सोडून दिलं की आकडा हळूच आपल्याला हवा तसा गोड होतो.

याहून लपलेली एक गोष्ट आहे. समजा साइट पूर्ण फ्लॅशमध्येच बनवलीय. फ्लॅश नसलेला माणूस आला, त्याला रिकामं पान दिसलं, तो गेला आणि परत कधी आला नाही. फ्लॅश असलेला मात्र रोज येतो. महिन्याच्या शेवटी भेटी मोजल्या तर "आपल्याकडे येणाऱ्या जवळपास सगळ्यांकडे फ्लॅश आहे" असं निघणार, आणि त्या आकड्याच्या जोरावर ठरवलं जाणार की फ्लॅश नसलेल्यांसाठी वेगळं काही करायची गरज नाही. अशी साइट फक्त आत टिकलेल्यांना मोजत असते, दारातून परत गेलेल्यांची त्यात खिजगणतीच नाही. म्हणून भेटी आणि माणसं वेगळी मोजायची, आणि पहिल्यांदा येणाऱ्यांचा आकडा शक्यतो वेगळा काढून बघायचा.

मग "इन्स्टॉल आहे" आणि "चालतं" यातला फरक. फ्लॅश अडवणारी एक्स्टेंशन्स होती, त्यात यादीत फ्लॅश दिसायचं पण पानातला चौकोन क्लिक करेपर्यंत बंदच. २०१६ च्या शेवटापासून तर क्रोमने हे उलटं केलं, फ्लॅश क्रोमच्या आत बसवलेलं असूनही बहुतेक साइट्सना ते यादीत दाखवायचंच नाही, वापरणाऱ्याने त्या साइटला परवानगी दिली तरच दाखवायचं. त्या काळातला एखादा ग्राफ बघितला आणि त्यात फ्लॅश धाडकन खाली आलेलं दिसलं तर लोकांनी फ्लॅश काढून टाकलं असा अर्थ घाईने काढू नका, लोकांनी बहुधा काहीच केलेलं नव्हतं, ब्राउझरने उत्तर द्यायची पद्धत बदलली. ग्राफमध्ये अशी उडी दिसली की मी तरी आधी हे तपासतो की मोजपट्टी बदलली का. क्रोम फ्लॅशला स्वतःबरोबरच अपडेट करायचा, त्यामुळे क्रोमवाल्यांमध्ये नवं व्हर्जन पटकन पसरायचं आणि बाकीच्यांमध्ये महिनोन् महिने रेंगाळायचं, दोघांची सरासरी काढली तर ती दोघांपैकी कुणालाच लागू पडत नाही.

आता या सगळ्याची दुसरी बाजू, आणि ही मला मनापासून महत्त्वाची वाटते. जी यादी आपण निव्वळ मोजायला मागतो तिच्यावरून माणूसही ओळखता येतो. इंटरनेटवरच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेच्या पीटर एकर्सली यांनी २०१० मध्ये पॅनोप्टिक्लिक नावाचा प्रयोग करून हे आकड्यांत दाखवलं. ४,७०,१६१ ब्राउझरची माहिती जमली आणि त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले, म्हणजे त्या सगळ्या ढिगात त्यांच्यासारखा दुसरा नाही. ज्यांच्याकडे फ्लॅश किंवा जावा होतं त्यांच्यात तर ९४.२ टक्के. आणि कुठल्या गोष्टीतून सगळ्यात जास्त ओळख पटते हे बघितलं तर पहिला नंबर प्लगिनच्या यादीचा, १५.४ बिट. बिट म्हणजे इथे काय, तर प्रत्येक बिट गर्दी निम्मी करतो, १५.४ वेळा निम्मी केली की सरासरी साधारण ४३ हजारांत एक एवढा नेम लागतो. ब्राउझर मागणीबरोबर पाठवतो ती नुसती नाव-व्हर्जनची ओळख १० बिट, म्हणजे हजारात एक. त्या प्रयोगात आलेले लोक मुळातच प्रायव्हसीची काळजी करणारे होते, सगळ्या जगाचं ते प्रतिनिधित्व नाही, हे या प्रयोगावर त्यांनी लिहिलेल्या पेपरातही म्हटलंय.

याचं कारण ते बारीक आकडेच. "जावा आहे" लाखो जणांकडे असतं. "जावा १.६.०.१७, फ्लॅश अमुक आर तमुक, क्विकटाइम इतकं, रीडर तितकं" हे सगळं एकत्र जुळणारे मूठभर. पेपरात हाच पेच मांडला होता, प्रोग्रॅमरला बग शोधायला बारीक व्हर्जन हवं असतं आणि तेच बारीक व्हर्जन माणसाची खूण बनतं. तुम्ही म्हणाल अपडेट केलं की खूण बदलेल, बदलते, पण थोडीशीच, आणि त्यांनी एक साधा अंदाज बांधणारा प्रोग्रॅम लिहून बघितला तर ज्या ज्या वेळी त्याने जुनी आणि नवी खूण जुळवायचा प्रयत्न केला त्यातल्या ९९.१ टक्के वेळा तो बरोबर ठरला. म्हणजे ओळख लपवायला कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची चिठ्ठी) पुसून काही उपयोग नाही.

पुढे प्लगिनच संपत गेली. क्रोमने जुन्या पद्धतीची प्लगिन्स २०१५ मध्ये काढली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकीची, आणि फ्लॅश स्वतः ३१ डिसेंबर २०२० ला संपलं, १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालेनासं झालं. नॅव्हिगेटर डॉट प्लगिन्स मात्र अजून आहे, जुन्या साइट्स मोडू नयेत म्हणून. पण आता ब्राउझरसाठीच्या नियमातच ठरलंय की त्यात काय दिसायचं, पीडीएफ दाखवायची सोय चालू असेल तर पीडीएफ दाखवणाऱ्या पाच जणांची ठरलेली नावं, सगळ्यांना तीच, नसेल तर काहीच नाही. जावाबद्दल विचारलं तर उत्तर कायम नाही. आजही कुणी या यादीवरून आकडे काढत असेल तर त्याला फक्त हो किंवा नाही एवढंच कळतंय, एका पीडीएफबद्दल.

एक्स्टेंशन्स कधीच या यादीत नव्हती. ती शोधायला लोक वेगळी वाट काढतात, क्रोममध्ये एखाद्या एक्स्टेंशनचा ओळख क्रमांक सगळ्यांकडे एकच असतो, आणि त्याने आपली एखादी फाइल पानांसाठी उघडी ठेवली असेल तर पान ती फाइल मागून बघतं, मिळाली तर आहे. फायरफॉक्सने म्हणूनच प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळा, यादृच्छिक क्रमांक द्यायचं ठरवलं. माझं स्पष्ट मत आहे की असं न सांगता शोधणं करू नये, समोरच्याने काय बसवलंय हा त्याचा खाजगी मामला आहे.

आणि साइटवाल्याची खरी गरज भागवायला याची आवश्यकताही उरलेली नाही. काम चालेल का ते थेट विचारता येतं. व्हिडिओचंच घ्या, ब्राउझरला विचारायचं की या प्रकारचा व्हिडिओ तुला चालवता येईल का, आणि त्या प्रश्नाला ठरलेली उत्तरं तीनच आहेत: "बहुतेक येईल", "कदाचित येईल", आणि अजिबात येणार नसेल तर कोरी जागा. "नक्की येईल" असं उत्तर त्यात ठेवलेलंच नाही, कारण प्रत्यक्ष चालवून बघेपर्यंत ते ब्राउझरलाही माहीत नसतं.